आईने दिलेलं खमीर

बर्गन, १२ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

मी मजेत आहे. तुमचा गुडघा कसा आहे?

खमीर मेलं, आता घरची बिअर संपली, असं तुम्ही फोनवर म्हणालात. पण अकरा वर्षांपूर्वी आईने त्याच खमिराच्या वाळक्या पापड्या मला डबीत दिल्या होत्या.

शेजारचा सिग्वे म्हणाला, "यात कसला जीव उरलाय?" मलाही बघायचंच होतं. मोड आणलेल्या जवाच्या कोमट, गोड काढ्यात त्या टाकल्या, तर जेवणं होईस्तोवर फेस टोपाबाहेर आला. फेस बसल्यावर चिमूटभर साखर घालून बिअर बाटल्यांत भरली आणि तीन आठवडे ठेवली. काल एक उघडली, तर संत्र्याचा वास. आपल्या बिअरला असाच यायचा ना?

सिग्वेने गुपचूप दुसरा पेला पुढे केला.

सोबत नव्या पापड्या पाठवतेय. तुम्ही नीट जेवत नाही, असं दादा सांगत होता. नाताळला मी येतेय. तोवर बिअर लावून ठेवा; पिंप तुम्हीच धुवा, दादाला हात लावू देऊ नका.

तुमची,
गुरो