तीयलमधला लसूण

अण्णा,

तुमची मुलगी काल येऊन गेली. पुण्याला नोकरी करते. रसायनीच्या आपल्या जुन्या कंपनी-कॅन्टीनमधल्या कुणाकडून तरी तिने माझा नंबर मिळवला आणि फोनवर म्हणाली, अच्छन करायचे तसं तीयल, ते भाजलेल्या नारळाचं आंबट कालवण, आता कुणालाच येत नाही, आई पण गेली, तुम्ही करून घालाल का? अच्छन म्हणजे तिचे वडील, म्हणजे तुम्ही, हे कळायला मला जरा वेळ लागला. अख्ख्या रसायनीने तुम्हाला अण्णा करून टाकलं होतं. आमच्या केरळात अण्णा म्हणत नाहीत, असं तुम्ही एकदा समजावून सांगितलंत आणि आम्ही सगळे ‘बरं अण्णा’ म्हणून कामाला लागलो. मी तिला ये म्हटलं. फोन ठेवल्यावर धडधडायला हवं होतं, पण तसलं काही झालं नाही. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हाही असंच झालं होतं. तांदूळ धुवायला घेतले होते, ते धूत राहिले. त्याला आता अठरा वर्षं झाली.

माझ्या कडाव गावाहून मी कॅन्टीनला लागले ती भाजी चिरायला. कढईसमोर तुम्ही मला उभं केलंत तो दिवस मात्र अजून तसाच्या तसा दिसतो. किसलेला ओला नारळ, लहान कांदे, कढीपत्ता, चमचाभर खोबरेल, आणि आच अगदी मंद. नारळ लाल होतो, छान वास सुटतो, मी गॅस बंद करते. तुम्ही तो परत चालू करता.

“ताई, हा लाल आहे. लाल म्हणजे कच्चा.”

“अवो अण्णा, करपंल ना!”

“नाय करपणार. तू बघत राहा. बघणं सोडला, की करपणार.”

मी बघत राहते. हात भरून येतो, नारळ चॉकलेटी होतो, मग त्याहून गडद, आणि तेव्हा कुठे तुम्ही धणे-मिरची टाकून आच बंद करता. पाणी न घालता वाटलं तर त्या वाटणाला आपोआप तेल सुटतं. मग वांगी, शेवग्याच्या शेंगा, चिंचेचा कोळ. लसूण नाही, गरम मसाला नाही. आमच्या घरी नारळ एवढा काळा झाला असता तर सासूने कढईसकट मला बाहेर काढलं असतं. वर्षभरात मला ते जमायला लागलं, आणि तुम्ही चव घेऊन नुसती मान हलवलीत की मला दिवसभर पुरायचं.

मग तुमची आई गेली आणि तुम्ही महिनाभर गावी गेलात. तीयलचा वार आला. तिन्ही शिफ्टचं जेवण, ओले नारळ खवायला हात कमी, आणि खरं सांगायचं तर तुम्ही नव्हतात. मी आपलं सुकं खोबरं काढलं, जाळावर भाजलं, दर घाण्याला मूठभर लसूण आणि घरचा मसाला घातला. मटणाला करतो तसंच वाटण, फक्त आत वांगी. लोक ताट घेऊन परत परत आले. “आज काय टाकलंस गं ताई? आता आसंच करीत जा, अण्णाचं आंबट नाय पायजे आमाला.” मला केवढं चढलं होतं ते! तुम्ही परत यायच्या आधी कॅन्टीनच्या साहेबांना मीच जाऊन सांगितलं, की अण्णांना पण असंच करायला सांगा. लोकांनी तक्रार केली, असं तुम्हाला वाटलं असेल. लोक साहेबांकडे गेलेच नव्हते. मी गेले होते.

तुम्ही आलात त्या दिवशी डोक्यावरचे केस नुकते उगवत होते. साहेबांकडून खाली आलात, हात धुतलेत, आणि माझ्याकडे न बघता विचारलंत, “ताई, लसूण किती?” ओरडला असतात तर बरं झालं असतं. मी सांगितलं, मूठभर. रिटायर होईपर्यंत तुम्ही मूठभर घालत राहिलात, आणि जाताना तुमची ती लोखंडी कढई मला देऊन गेलात. तेव्हापासून मला वाटत आलंय की एका माणसाच्या हातातलं काढून घेतलं मी. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

म्हणून काल ठरवलं होतं, एकदा तरी तुमचं तुम्हाला परत करायचं. ओला नारळ, मंद आच. गुडघे दुखत होते तरी बसले नाही, बघत राहिले. रंग अगदी तुमचा आला.

मुलगी जेवायला बसली. मराठी बरं बोलते, तुमच्यापेक्षा पुष्कळच बरं. दोन घास खाल्ले, डोळे मिटले, म्हणाली, “मावशी, हे अगदी आईच्या हातचं.” मग थोडी घुटमळली. “अच्छन सुट्टीवर आले की स्वतः करायचे, ते वेगळं असायचं. त्यात खूप लसूण. आणि सुकं खोबरं. इथून पिशवी भरून आणायचे. आई हसायची, नारळाच्या गावात खोबरं घेऊन येतात म्हणून. पण आम्हा मुलांना तेच पाहिजे असायचं.”

मी पाणी द्यायला उठले.

तुम्हाला ते आवडायला लागलं होतं, की हाताला सवय झाली होती, की मुलं खातात म्हणून करत होतात? तुम्ही आता सांगणार नाही. मुलीने विचारलं, असं करायला त्यांना कुणी शिकवलं? मी म्हटलं, कॅन्टीनमध्ये सगळे असंच करायचे. तिने मान हलवली आणि ताटातलं सगळं संपवलं, आईची आठवण काढत.

हे लिहिताना आधी वाटलं होतं, कागद तिच्याकडे पाठवावा, म्हणजे साहेबांकडे कोण गेलं होतं ते तिला कळेल आणि मी मोकळी होईन. पाठवणार नाही. लाज वाटते म्हणून नाही, अण्णा. तिला बापाची म्हणून जी चव आठवते ती माझी आहे, आणि हे कळल्यापासून मला बरं वाटतंय.