कुर्डुवाडीतले कापलेले इंजिन

मी, नागम्मा चनमल्लप्पा हत्तुरे, वय वर्षे ७४, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, अविवाहित, राहणार विजापूर रोड, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझी स्मृती व समज शाबूत असल्याबद्दल डॉ. श्रावणी येमूल यांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम घेतला. हा कागद वाचून माझा धाकटा भाऊ सिद्धलिंग पहिल्यांदा काय म्हणेल ते मला ठाऊक आहे: "अक्काचं डोकं फिरलं होतं."

यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र, ज्यात सर्व काही सिद्धलिंगचा मुलगा अनिलकुमार यास दिले होते, ते आजपासून रद्द समजावे.

कलम १. विजापूर रोडवरील माझा दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या स्वकष्टार्जित फंडातून घेतला आहे. तो माझी विद्यार्थिनी ऋतुजा घाडगे हिला द्यावा. दोन वर्षांपूर्वी माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा आठ दिवस ती माझ्याजवळ राहिली. माझे सख्खे भाऊ-भावजय तेव्हा सोलापुरातच होते.

कलम २. वडिलांच्या गाडीबाबत. ती गाडी आता माझ्या ताब्यात नाही आणि कायद्याने कधी माझी नव्हती. तरीही तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढची कलमे कोणाला कळणार नाहीत.

ती १९६९ सालची डॉज चार्जर. मुंबईतल्या एका परदेशी वकिलातीतील अधिकाऱ्याने अमेरिकेहून आणवली होती. तो परत गेल्यावर ती लिलावात निघाली आणि सोलापूरच्या एका गिरणीमालकाने घेतली. वडील त्यांचे मेकॅनिक. डाव्या हाताचे स्टिअरिंग, आणि गाडी एवढी लांब की बाळीवेशीच्या गल्लीत वळवायला दोघांना उतरून सांगावे लागे. पेट्रोल महागले तेव्हा मालकाच्या हुकमावरून वडिलांनीच तिचे मोठे इंजिन काढून डिझेलचे बसवले. पुढे मालकाला तिचा कंटाळा आला आणि वडिलांनी आईच्या पाटल्या मोडून ती विकत घेतली. आई त्यानंतर वडिलांशी चार महिने बोलली नाही. मी आईच्या बाजूने होते.

वडील मात्र म्हणत, "नागू, ही गाडी कुठनं आली, कुणी बनवली, कुणासाठी, हे कुणीतरी शोधायला पाहिजे. मला इंग्रजी येत नाही. तुला येतं."

१९८८ पासून मी शोधले. शाळा सुटल्यावर टाइपरायटरवर पत्रे लिहिली. कारखान्याला लिहिले, बंदरांना लिहिले, जुन्या गाड्यांचे नंबर जमवणाऱ्या हौशी माणसांना लिहिले. तीन वर्षांनी मागची सीट काढली तेव्हा स्प्रिंगांत अडकलेला एक पिवळा कागद मिळाला. कारखान्यात गाडी जोडताना तिच्याबरोबर फिरतो, तोच हा कागद. त्याची एक कड उंदरांनी खाल्ली होती. ओहायोतील हॅरॉल्ड नावाच्या वृद्ध गृहस्थांनी त्यावरचा एकेक आकडा मला पत्रांतून शिकवला. त्यातून कळले की ही गाडी मुळातच परदेशी पाठवण्यासाठी बनली, बाल्टिमोरच्या बंदरातून निघाली, आणि तशा गाड्या आपल्या देशात जेमतेम तीन-चारच आल्या असाव्यात. त्या सर्व वर्षांत सिद्धलिंग आल्यागेल्याला सांगत असे, "अक्काचं लग्न जमलं नाही, म्हणून भंगाराशी पत्रव्यवहार चाललाय."

१९९६ साली वडील गेले. गाडी व घर दोन्ही सिद्धलिंगच्या नावावर झाले. मी सही दिली. तेव्हा सही देण्यात मला काही वाटत नसे.

कलम ३. इंजिनाबाबत. गाडीचे मूळ इंजिन तिच्यातच असेल तर तिची किंमत कैकपट होते. २०१६ साली वडिलांच्या जुन्या वहीत 'इंजिन – कुर्डुवाडी' एवढेच दोन शब्द सापडले. मी रेल्वेने गेले. तेथील एका जुन्या तंत्रशाळेत श्री. मानसिंग माने मुलांना मोटार शिकवत असत. त्यांनी मला वर्कशॉपच्या कोपऱ्यात नेले.

"ह्येच असंल बगा, बाई. लई वर्षं झाली, हितंच हाय. आमी पोरास्नी ह्याच्यावरच शिकवतो की."

मुलांना आतले पिस्टन दिसावेत म्हणून इंजिन मधोमध कापले होते. कापल्या कडांना लाल रंग दिला होता. खालच्या बाजूचा गंज मानेसरांनी पुसला, मी कागद ठेवून पेन्सिलीने घासले, आणि आमच्या गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे कागदावर उमटले. मी तिथल्या स्टुलावर बसले. अठ्ठावीस वर्षांचा शोध पुरा झाला होता, आणि ते इंजिन पुन्हा कोणत्याही गाडीत बसणार नव्हते.

घरी येऊन मी खरे ते सांगितले. अनिलकुमार हसून म्हणाला, "आत्या, आकडे काय, कुणीपण ठोकून देतं."

त्याने परदेशातून त्याच जातीचे दुसरे इंजिन आणले आणि त्यावर आमचे आकडे ठोकून घेतले. मग मूळ इंजिन हेच असल्याचे पत्र माझ्यापुढे ठेवले. मी नको म्हणाले. सिद्धलिंग म्हणाला, "अक्का, तू राहतेस ते घर माझं आहे, एवढं लक्षात ठेव." अनिलकुमार म्हणाला, "गाडी विकताना इतिहासाची पुस्तिका छापायची आहे, तिच्या पहिल्या पानावर तुमचंच नाव येणार, आत्या."

मी सही केली. भीतीने केली असे इतकी वर्षे स्वतःला सांगत आले. ते खोटे आहे. मला माझे नाव छापलेले पाहायचे होते.

२०१८ साली गाडी बंगळूरचे श्री. देवदत्त कामत यांनी घेतली. छापील पुस्तिकेच्या पहिल्या पानावर 'संशोधन: अनिलकुमार हत्तुरे' असे होते. माझे खोटे पत्र तेवढे शेवटच्या पानावर होते. चारच महिन्यांत घराचे गॅरेज वाढवायचे म्हणून तेथील माझी खोली पाडण्यात आली व मी फ्लॅट घेऊन बाहेर पडले.

कलम ४. माझी दोनशे बारा पत्रे, हॅरॉल्ड यांची उत्तरे, पिवळा कागद व टाइपरायटर ऋतुजाला द्यावा. पिवळा कागद मी घर सोडताना ट्रंकेतून नेला. त्यांनी पुस्तिकेत छापली ती नक्कल होती. अस्सल आपल्यापाशी नाही, हे त्यांना अजून कळलेले नाही.

कलम ५. अनिलकुमार यास काहीही देऊ नये. विसरून राहिले असे कोणी समजू नये.

कलम ६. कुर्डुवाडीच्या इंजिनाचा पेन्सिलीचा ठसा, त्याचे फोटो व माझा खरा जबाब माझ्या मृत्यूनंतर श्री. कामत यांना पाठवावा, असे येथे लिहिले होते. ते कलम मी खोडले आहे व खोडाखोडीवर माझी सही आहे. मेल्यावर खरे बोलणे सोपे असते. सर्व कागद काल मी स्वतः सात रस्त्याजवळून स्पीड पोस्टाने त्यांना पाठवले. खोट्या पत्रावर सही माझी आहे. त्याबद्दल जे व्हायचे ते मी जिवंत असताना होईल.

पोस्टातून आल्यावर सिद्धलिंगला फोन करून सांगितले. तो म्हणाला, "अक्का, पोरगं आत जाईल माझं. तू मरेपर्यंत तरी थांबायचं."

मी म्हटले, "थांबले नाही ते तुला वकील बघायला वेळ मिळावा म्हणूनच."

त्याने फोन ठेवला.

कलम ७. मला आमच्या रीतीप्रमाणे मूठमाती द्यावी. सिद्धलिंग आला तर त्याला अडवू नये, माती टाकू द्यावी. न आल्यास बोलावणे पाठवू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो खरा आहे, आणि या वेळी सही विचार करून केली आहे.

लिहून देणार: नागम्मा चनमल्लप्पा हत्तुरे (सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष सही झाली:
१. डॉ. श्रावणी येमूल, सोलापूर (सही)
२. मानसिंग माने, निवृत्त शिक्षक, कुर्डुवाडी (सही)

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५