मैत्रीखातर झालेलं नुकसान

१५ मार्च, रविवार

नाताळनंतर इथे एक ओळ लिहिली नाही. माफी असावी — घरदुरुस्तीत बुडाले होते. आज लिहितेय तीही निव्वळ संतापाने.

काल ऑर्टविन आला होता, स्वयंपाकघरातली कपाटं बसवायला. कॉलेजपासूनची मैत्री, तिथे मजुरीची भाषा नसते. बिअरचा खोका आणि बटाट्याचं सॅलड, की झालं. भिंतीला ड्रिल लावलं ते थेट हीटिंगच्या पाइपात! कढत पाण्याचा फवारा. ओक लाकडाची जमीन, मी गुडघ्यांवर बसून घासलेली, तेल पाजलेली — दोन्ही खोल्यांत फुगली.

"घाबरू नकोस, माझा विमा आहे!" ऑर्टविन ओरडला.

आपल्या हातून झालेलं दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा जर्मनीत घरोघरी; आमच्या कासेलमध्ये कोणाच्या हातून कपबशी फुटली तरी आधी हेच वाक्य येतं. मीही हेच म्हटलं असतं.

१७ मार्च

त्याच्या विमा कंपनीतल्या क्रालबाईंशी बोलले.

"त्यांनी पैसे घेतले होते का?"

"छे! मित्र आहे माझा."

"मग अवघड आहे, बाई. मैत्रीखातर मदत करताना चुकून काही मोडलं, तर भरपाई मागायची नाही, हे दोघांनी मनोमन मानलेलंच असतं. कायदा तसंच धरतो. त्यांचं देणं नाही, म्हणून आमचंही नाही. त्यांनी विम्यात अशा मदतीसाठीचं जादा कलम घेतलं असतं, तर गोष्ट वेगळी."

कधी मानलं मी? सॅलड वाढताना? खालच्या बिऱ्हाडाच्या छताला डाग पडला असता, तर मुकाट्याने भरून दिलं असतं यांनी! परक्याला भरपाई, मैत्रिणीला ठेंगा!

मी उगाच तर चिडत नाही ना? चारदा विचार केला. नाही.

१८ मार्च

ऑर्टविनला पुन्हा फोन. "ते कलम नीट शोध ना."

"शोधलं. नाहीये." पुढे म्हणाला, "मग सांगू का त्यांना, की आपण मित्र नाही?"

"खोटं बोलून मला जमीन नको!"

त्याने फोन ठेवला.

१९ मार्च

लाकूड अजून फुगतंय.

२० मार्च

क्रालबाईंचा फोन. "ते म्हणतात, तुमची मैत्री नाही. नुसती ओळख आहे. तुम्हीही तसं सांगितलंत, तर आम्ही फेरविचार करू."

स्पष्ट बजावूनही! कंपनी मैत्रीवर टपलेली, आणि हा ती परस्पर मोडून मोकळा! 'नंतर कळवते' म्हटलं. तिथल्या तिथे 'नाही' का म्हटलं नाही? — क्षणभर नवी जमीन डोळ्यांपुढे आली होती. लाज वाटली.

२१ मार्च

त्याच्या बायकोला, गेझाला फोन केला. भांडलेच. "नवऱ्याला सांग, माझ्यासाठी खोटं बोलायची गरज नाही!"

ती शांतपणे म्हणाली, "खोटं नाही बोलला तो, विब्के. तू मुख्य नळ बंद करायला तळघरात धावलीस, तेव्हा तो पाइपावर हात दाबून उभा होता. मनगटापर्यंत भाजलाय. कातडी निघालीय. तुझे फोन येतात ते सगळे विम्यासाठी. एकदा तरी विचारलंस?"

उद्या: ऑर्टविनकडे जायचं.