मागच्या खोलीची घरपट्टी

ती. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कारण कंबर धरली आहे, का धरली ते पुढे येईलच). तुझी साखर, वहिनींचा गुडघा आणि मुलांच्या परीक्षा आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे आटोक्यात म्हणावं असं काही उरलेलं नाही. अण्णा मात्र ठणठणीत आहेत, आणि खरं सांगायचं तर पंचाईत तीच आहे.

आमच्या नगरपालिकेचं अंदाजपत्रक कसं बनतं ते तुला ठाऊक नसेल. (घरपट्टी विभागात मी इतकी वर्षं झिजतोय, पण तू कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी सांगितलं नाही.) दरवर्षी खर्च जमेच्या पुढे पळतो. मग राज्य सरकारचं अनुदान आम्ही ‘येणार’ असं न लिहिता सरळ ‘आलं’ असं लिहून टाकतो. बेरीज जुळते, साहेब सही करतात, सगळे चहा पितात. अनुदान मागाहून येतं, कधी अर्धं, कधी पाऊण, पण येतं. यंदा वर कोणी नवा अधिकारी आलाय आणि मेल्याला वाचायची सवय आहे. त्याने आमचं अंदाजपत्रक चक्क वाचलं आणि कळवलं, की आपणांस अनुदान मिळाल्याचे पाहून समाधान वाटले, सबब ते पुन्हा देण्याचे प्रयोजन उरत नाही. साहेबांनी घाम पुसत खुलासा धाडला. त्यावर ‘विचाराधीन आहे’ एवढं उत्तर आलं, आणि ते अजून विचाराधीनच आहे.

पैसे नाहीत म्हटल्यावर साहेबांना माझी आठवण झाली. गावातली सगळी घरं नव्याने मोजायचा हुकूम सुटला. निवृत्तीला टेकलेला आमचा शिपाई फितीचं एक टोक धरतो आणि दुसरं टोक घेऊन मी लोकांच्या पलंगाखालून सरपटतो (कंबरेचा उलगडा झाला असेल). एरवी चारचौघांत घराच्या बढाया मारणारी माणसं, पण फीत दिसली की त्यांचं घर अंग चोरून बसतं. दंतवैद्याने तर वरचा मजला हा मजला नसून पोटमाळा आहे, तिथे मोडक्या खुर्च्या असतात, असं छातीवर हात ठेवून सांगितलं. तेवढ्यात त्या पोटमाळ्यावरून त्याच्या सासूबाई ओल्या केसांनी खाली उतरल्या आणि वरच्या न्हाणीघरातला नळ कधी दुरुस्त होणार म्हणून जावयाला फैलावर घेऊ लागल्या. मी निमूटपणे न्हाणीघरही लिहून घेतलं. दंतवैद्य आता माझ्याशी बोलत नाही, आणि माझी दाढ दुखते आहे.

मग आपलं घर आलं. आपली जुनीच मापं उतरवून पुढे सटकावं असा माझा विचार होता, लपवत नाही. पण ज्यांची हयात हेडमास्तरकीत गेली ते आपले तीर्थरूप अण्णा दारातच उभे होते. मागची गॅलरी बंद करून खोली केलीस ती राहिली, असं त्यांनी शिपायासमोर खणखणीत आवाजात सांगितलं. (ती खोली तू आलास की तुला निवांत झोपता यावं म्हणून केली होती. तू तिथे अजून एकदाही झोपलेला नाहीस.) गल्लीत सगळ्यात जास्त घरपट्टी वाढली ती कारकुनाची. लोक फार खूश झाले.

हे एवढ्यावर निभावलं असतं. पण काटकसर म्हणून साहेबांनी नगरपालिकेचं वाचनालय बंद केलं. आई गेल्यापासून अण्णा सकाळी तिथे जायचे ते दिवेलागणीला परतायचे. एका वर्तमानपत्राची पानं चौघा म्हाताऱ्यांत वाटून भांडायचे. आता ते माझ्याबरोबर कचेरीत येतात आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसतात. घरपट्टीवर हरकत कशी घ्यावी हे लोकांना शिकवतात, अर्जातलं शुद्धलेखन सुधारून देतात, आणि त्या अर्जांना मी लिहिलेली उत्तरं वाचून माझ्याकडे असं बघतात की मला पुन्हा चौथीत बसल्यासारखं वाटतं. दमलो रे, दादा. पण खरं दमायला होतं ते संध्याकाळी. घरी येताना ते वाचनालयापाशी थांबतात, कुलूप हाताने ओढून बघतात आणि विचारतात, अनुदान आलं का रे? मी नाही म्हणतो. येईल, असं मलाच समजावत पुढे चालू लागतात. मला फार वाईट वाटतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. – हे सगळं लिहायचं कारण एवढंच, की अण्णांना महिना-दोन महिने तुझ्याकडे ने. तुमच्याकडे वाचनालयं उघडी असतील.

आणखी ता. क. – वरचं रद्द समज. आत्ता अण्णांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, मी तिकडे गेलो आणि नेमका तो इकडे आला, तर चुकामूक नाही का होणार?

शेवटचं ता. क. – सोबत घरपट्टीची नोटीस जोडली आहे (सही माझीच आहे, राग मानू नकोस). घर दोघांच्या नावावर आहे आणि माझा अर्धा भाग मी भरलाय. आपल्या गल्लीची थकबाकी संपली तर त्या पैशांत वाचनालय उघडतो असं साहेबांनी कबूल केलंय, आणि गल्लीत थकबाकीदार आता एकटा तूच उरलायस. पण पैसे पाठवू नकोस, घेऊन ये. मागे फोनवर तू ‘बघतो, जमवतो’ म्हणालास ना, त्याच संध्याकाळी अण्णांनी मागच्या खोलीत तुझी गादी घातली. अजून तशीच आहे. चादर झटकतात, उशाशी पाणी रोज ताजं भरून ठेवतात. आम्ही अंदाजपत्रकात लिहितो, पण इतक्या विश्वासाने ‘आलं’ असं आम्हीसुद्धा कधी लिहिलं नाही.