कपारीत हात घालायचा नाही

अण्णा, या वयात मी समुद्रात उतरले. पोरीच्या हट्टापायी. तुमची ही नात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, आणि तिची ती काचेची इमारत खराडीत आपल्या बुजवलेल्या विहिरीवरच उभी आहे. जमीन गेली तेव्हा तुम्ही नव्हतात, बरं झालं. तिला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मी रोज पाण्यावर बसते की काय?" मी म्हटलं, "बसतेस. टेबलाखाली तरी चपला काढून बसत जा." ती हसली. मी थट्टेत म्हटलं नव्हतं.

त्या विहिरीत तुम्ही मला पोहायला शिकवलंत. पाठीला वाळका भोपळा, कंबरेला बैलाचा कासरा, त्याचं दुसरं टोक काठावर तुमच्या मुठीत. आई आधी पाण्यातल्या साती आसरांना हळदकुंकू वाहायची, दहीभाताचा घास सोडायची, मगच उतरायचं. खाली दगडांत एक काळी कपार होती. मी तिच्याजवळ गेले की कंबरेला हिसका बसायचा. तुम्ही कधी ओरडला नाहीत. वर आले की एवढंच म्हणायचात, "कपारीत हात घालायचा न्हाई. घर हाय ते कुणाचं तरी." कुणाचं, ते मी विचारलं नाही.

मालवणला होडी थांबली, तेव्हा मी डब्यातला दहीभात चिमटीने पाण्यात सोडला. आसरांना न विचारता पाण्यात कसं उतरायचं? आम्हाला पाण्यात नेणारा माणूस वैतागला. "काकू, पाण्यात जेवाण टाकू नकात. खडकाच्या भेगेत वाम आसता, सापासारखो लांब मासो. तिका दिसता कमी, ती वासार येता. तोंड उघडता नि मिटता ता चावूक न्हय, श्वास घेवक. पण तुमी बोट जवळ नेलास, तर तिका खाऊच वाटतला." पोर म्हणाली, "आई, ऐकलंस ना? कशाला हात लावायचा नाही." मला काय ते नवीन होतं? बोटं मात्र मी नुसती पदराला पुसली.

डोळ्यांवर काच, तोंडात नळी, अंगात फुगीर जाकीट. मी पालथी तरंगते आहे. माझा श्वास माझ्याच कानात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वाजतो. तो माणूस पुढे, पोर त्याच्यामागे, शेवटी मी. ओहोटीमुळे खडक हाताशी आलाय. त्यात एक भेग आहे, आणि भेगेत एक डोकं. ठिपक्याठिपक्यांचं, सैल कातडीचं. डोळे माझ्याकडे आहेत, पण मला बघत नाहीत. तोंड उघडतंय, मिटतंय. उघडतंय, मिटतंय. आवाज नाही.

अण्णा, दवाखान्यात शेवटी तुमचा जबडा असाच हलत होता. अर्धं अंग गेलं होतं, नजर माझ्यावरून पलीकडे जात होती. मी ओठांशी कान नेऊन विचारत होते, पाणी हवंय का, कुणाला बोलावू का. काहीच कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, ते बोलत नाहीयेत, नुसता श्वास आहे तो. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं.

वाम भेगेतून हातभर बाहेर आली. माझ्या बोटांना दह्याचा वास असणार. मीही हात पुढे केला. भीती वाटत नव्हती. आता ऐकू येईल, असं वाटत होतं.

आणि कंबरेला हिसका बसला. मागे, वर, जोरात. नळीत पाणी शिरलं. मागे सरता सरता मला दिसलं, माझी बोटं होती तिथे तो जबडा मिटला.

होडीत बसल्यावर पोरीला म्हटलं, "बरं झालं ओढलंस."

"मी कुठे ओढलं? मी तुझ्या पुढे होते."

मी त्या माणसाकडे पाहिलं. तो म्हणाला, "माका कित्याक बघतास? तुमका दोरी खंय बांधलली?" मग त्याने पाण्याकडे एकदा बघितलं आणि होडी वळवली.

पूर्वी तुम्हाला लिहिलेला हा कागद विहिरीत तरी सोडला असता. आता तिथे जमिनीखाली गाड्या लावतात.

पोर म्हणते, पुन्हा जाऊ. मी खर्चाचं कारण सांगितलं. माझ्या तोंडी ते शोभतं, तिला पटलंही. तुम्हाला खरं सांगते. ते तोंड पुन्हा हलताना दिसलं, तर तुम्ही कितीही ओढलंत तरी मी मागे येईन का, मला ठाऊक नाही.