तुमच्या बहिणीनं चालवलेला माझा पाय

तिसगाव,
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९७३

राजमान्य राजश्री आप्पासाहेब यांस तिसगावहून गोरक्षनाथाचा रामराम. आपला खोकला कसा आहे? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? यंदा पावसानं लाज राखली, तेव्हा पारनेरकडची बाजरीही घरात आली असेल. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे मी खुशाल आहे आणि तुमची बहीण मला खुशाल राहू देत नाही. पत्राचं कारण हेच. धाकट्या बहिणीची तक्रार थोरल्या भावाकडे करायची नाही तर कुणाकडे?

घोडेगावच्या बाजारात बैलानं मला टेम्पोवर दाबलं ते तुम्हाला ठाऊकच आहे (तुम्ही नगरच्या दवाखान्यात मोसंबी घेऊन आलात, त्यातली निम्मी शेजारच्या खाटेवरच्या माणसानं खाल्ली). बैल मारका नाही, असं मी चारचौघांना पटवून देत होतो, तेवढ्यात बैलानं आपलं मत दिलं. मांडीचं हाड मोडलं, वजनं टांगून पाय ताणून ठेवला, हाड जुळलं. पण इतके दिवस पडून राहिल्यानं गुडघा असा धरला की पाय म्हणजे मांडवाची नुसती मेढ. डॉक्टर म्हणाले, आमचं काम झालं, आता व्यायामाच्या बाईंकडे जा. त्या खोलीवर इंग्रजीत काहीतरी लांबलचक लिहिलं होतं. कंपाउंडर त्याला फिजिओथेरपी म्हणाला.

आप्पासाहेब, माझी समजूत अशी, की आत एखादा पैलवान असेल, तेल लावून दणकून मालिश करील, आणि आपण डोळे मिटून पडून राहायचं. पाहतो तर पुष्पावती नावाच्या एक तरुण, किडकिडीत बाई. पायाला हातही लावायच्या आधी त्यांनी घराची चौकशी मांडली. उंबरा केवढा, सकाळी बाहेर जायला किती लांब, विहिरीवर चढ आहे का, जेवायला कसे बसता. मला वाटलं, शिरगणतीच्या खात्यातून आल्या असाव्यात. मग म्हणाल्या, या पायानं तुम्हाला आधी काय करायचंय? मी सांगितलं, नांगर धरायचाय. त्या म्हणाल्या, तो धरालच, पण त्याच्या आधी? तेव्हा दारात उभी असलेली तुमची बहीण चांगुणा बोलली, "त्यांला जेवाया खाली बसता आलं पायजे. खाटंवर बसून घास उतरत न्हाई त्यांला." बाईंनी तिच्याकडे बघून मान डोलावली, आणि त्या घडीपासून या दोघींचं जमलं. माझं कुणी विचारत नाही.

पहिल्यांदा त्यांनी सुताराच्या गुण्यासारखं काहीतरी लावून गुडघा किती वाकतो ते मोजलं. मग तांबड्या दिव्याखाली पाय शेकला. हे मला फार पसंत पडलं. थंडीत जरूर घेण्यासारखा उपचार आहे. त्यानंतर म्हणाल्या, आता वाकवा. मी म्हणालो, तुम्हीच वाकवा, मी तुमच्या स्वाधीन आहे. तर म्हणे, नाही, मी आधार देते, वाकवायचा तुम्हीच. वाकवला, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही (वहिनीही पत्र ऐकत असतील). बाई शांत. "दुखणार," त्या म्हणाल्या. "घरी पोचेपर्यंत थांबलं, तर ते दुखणं कामाचं. दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच राहिलं, तर मला सांगायचं, आपण कमी करू. न सांगता सोसायचं नाही आणि न सांगता सोडायचंही नाही." एवढं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी तर ‘काही दुखणार नाही’ असं सांगूनच प्रत्येक वेळी दुखवलं होतं.

पुढे दोन आडव्या दांड्यांच्या मध्ये उभं करून चालायला लावलं. नव्या गोऱ्ह्याला पहिल्यांदा जुंपतात तेव्हा त्याला काय वाटत असेल, ते मला कळलं, आणि मी आजवर जुंपलेल्या सगळ्या गोऱ्ह्यांची मनात माफी मागितली. मग घरी करायचे व्यायाम चांगुणाला शिकवले. आप्पासाहेब, तुमच्या बहिणीला साळेत घातलं असतं, तर आज ती मामलेदार असती. एकदा बघितलं की संपलं. घरी आल्यावर तिनं एक कापडी पिशवी शिवली, तीत वाळू भरली, घोट्याला बांधली आणि म्हणाली, उचला. दर काही दिवसांनी पिशवी जड वाटते म्हणून मी तक्रार केली, तर म्हणे, तुमचा वहीम. परवा रंगुबाई शेजारणीनं सांगितलं, की मी झोपलो की ती पिशवीत ओंजळभर वाळू वाढवते. अशा बाईबरोबर मी इतकी वर्षं संसार केला.

पण खरी तक्रार पुढेच आहे. बाईंनी सांगितलं होतं, की रोज गावातून चालायचं, एका हातात काठी, दुसरा हात मालकिणीच्या खांद्यावर. आता तुम्हीच सांगा, आपल्या घरातल्या माणसानं बायकोच्या खांद्यावर हात टाकून भर पेठेतून जायचं? लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरही मी तिच्याकडे नीट बघितलं नव्हतं, थोरली मंडळी होती. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "मंग पडा. पडल्यावर चार मानसं येतील, त्यांच्या खांद्यावर टाका हात." निघालो. पारावरची मंडळी बोलायची थांबली. छगन शिंप्यानं मशीन थांबवलं. माझी मान खाली, तिची सरळ, जशी काही ती मला घोडेगावहून विकत घेऊन चालली आहे.

मध्ये एक दिवस मी खचलो. बाईंनी त्या खेपेला खरं ते सांगितलं होतं. पाय कामाला येईल, शेतात जाल, पण पूर्वीसारखी पुरती मांडी बहुधा घालता येणार नाही. घरी येऊन मी काठी फेकली आणि म्हणालो, बस झालं, मला ओट्यावर बसू दे, माणसं म्हातारी होतातच. मला वाटलं, आता भांडेल. भांडली नाही. काठी उचलून आणली, माझ्याशेजारी ओट्यावर बसली. मग म्हणाली, "सारा जल्म तुमच्या मागनं चालले. आत्ता कुठं शेजारनं चालाया लागले, तर तुमी बसून घेताय व्हय?"

मी उठलो. दुसरं काय करणार.

आता नुसत्या काठीच्या आधारानं मळ्यापर्यंत जातो, ती शेजारी असतेच. जेवायला दोन पाट एकावर एक ठेवून बसतो, एक पाय पुढे पसरून, आणि घास उतरतो. तर आपण थोरले आहात, बहिणीला चार शब्द सांगावे की नवऱ्याला इतकं राबवू नये. वहिनींना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद.

आपला,
गोरक्षनाथ

ता. क. वरचं पत्र चांगुणाला वाचून दाखवलं. वाळूपाशी हसली. ओट्यापाशी उठून चुलीकडे गेली. आता ती पाण्याला गेली आहे, म्हणून खरं लिहितो. पत्र खरं तर यासाठीच लिहिलंय. तिचा उजवा खांदा गेलाय, आप्पासाहेब. माझंच वजन इतके दिवस त्यावर. हात डोक्यापर्यंत जात नाही, अंबाडा रंगुबाईकडून घालून घेते, आणि मला सांगते की रंगुबाईलाच हौस आहे. मागच्या खेपेला बाईंनी ओळखलं. विचारलं तर "कुटं काय" म्हणून पदर सावरला, तोही डाव्या हातानं. मी सांगून ती जाणार नाही, म्हणेल तुमच्या पायाकडं कोण बघणार. भावाचं मात्र ऐकेल. भाऊबीजेला तुम्ही स्वतः न्यायला या. पारनेरला जाताना नगरला एस.टी. बदलावीच लागते, तिथे उतरून थेट बाईंकडे न्या. मी बाईंशी बोलून ठेवलंय. दुखेल हे तिला आधीच सांगा. खोटं सांगू नका.

पुन्हा ता. क. बाई म्हणतील तितके दिवस तिला ठेवून घ्या. तुमच्याकडे कुणी तिला घागर उचलू देऊ नका, तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. माझी काळजी नको. ती शेतात गेली की मी भिंत सोडून, काठी सोडून अंगणात चालतो. हे तिला माहीत नाही, कळू देऊ नका. कळलं तर दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा मागनं चालायला लागेल.