फिरकीचा तांब्या

तात्या,

वडिलांना पत्र लिहायचं तर मायना काय आणि सासऱ्यांना लिहायचं तर काय, हे तुम्हीच माझ्याकडून घोटून घेतलं होतंत. आज त्यातलं काहीच घालत नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि मला तुमच्याशी भांडायचं आहे. साष्टांग नमस्कार घालून भांडता येत नाही.

उद्या सकाळच्या गाडीने मी मुलीला घेऊन मुंबईला निघाले आहे. ती बारा वर्षांची आहे. तिचं लग्न अजून ठरवलेलं नाही. आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून बोलतात, बोलू देत. हिच्या वडिलांना कचेरीच्या कामासाठी जायचं आहे, त्यांच्याबरोबर आम्ही. परवा उजाडताच परत फिरायचं, म्हणजे हातात एकच संध्याकाळ. मघाशी तिच्यापुढे पाटी ठेवली आणि म्हटलं, "काय काय बघायचंय ते लिही." ती खाली मान घालून लिहायला लागली, आणि मला ठाण्याच्या या घरात बसून कल्याणची आपली ओसरी दिसली.

तेव्हा मी चौदाची होते. सासरी पाठवणीचा दिवस ठरला होता. पोर सासरी जाण्याआधी मुंबादेवीची ओटी भरीन, असा आईचा नवस होता, आणि नेमकी आईच तापाने अंथरुणाला खिळलेली. तुम्ही मराठी शाळेचे मास्तर, मुलांच्या पुस्तकांचा गठ्ठा आणायला तुम्हाला मुंबईला जायचंच होतं. "चल," म्हणालात. "एक संध्याकाळ मिळेल. सासरहून काही कोणी तुला मुंबई दाखवायला नेणार नाही, तेव्हा नीट विचार करून लिही." मी पाटीवर सात ओळी लिहिल्या. समुद्र, गॅसचे दिवे, घोड्यांची ट्राम, छापखाना, नाटक, राणीचा बाग आणि नळ. नाटक तुम्ही "शिव शिव" म्हणत अंगठ्याने पुसलंत. बाग लांब म्हणून पुसलात. नळावर मात्र तुमचा अंगठा थांबला. "बघ," म्हणालात, "बघण्यात काय आहे! पण त्या पाण्याला तोंड लावायचं नाही." नळाच्या आतल्या चकतीला चामडं असतं आणि ते पाणी पोटात गेलं की धर्म बुडाला, असं तेव्हा आपल्या कल्याणात सगळेच मानत. म्हणून तुम्ही आपल्या विहिरीचं पाणी फिरकीच्या तांब्यात भरलंत, झाकण पिळून घट्ट बसवलंत आणि तांब्या माझ्याकडे दिलात. दिवसभर तो माझ्या कडेवर होता.

देवीची ओटी भरून होते तेव्हा चार वाजून गेलेले आहेत. तुम्ही चालत नाही, धावताच. गठ्ठा एका काखेत आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलेलं. ट्राम ओढणाऱ्या घोड्यांच्या डोक्यांवर उन्हासाठी टोप्या घातलेल्या आहेत, आणि तुम्ही त्या बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसता. घरी मी तुम्हाला असं हसताना कधीच पाहिलेलं नाही. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा एक म्हातारा उलट्या अक्षरांची ओळ माझ्यापुढे धरतो आणि म्हणतो, "वाच बघू, पोरी." मी अडखळते, पण ओळ पुरती वाचून दाखवते. तो चष्मा वर करून तुमच्याकडे बघतो. "कोणाची हो ही?" "माझी," तुम्ही म्हणता. विद्यार्थीण नाही, कन्या नाही, नुसतं "माझी". तात्या, त्या एका शब्दावर मी सासरची पहिली कितीतरी वर्षं काढली. पुढे समुद्र. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून तुम्ही लाटेत उभे राहता आणि लगेच ओरडता, "चल, चल, दिवे लागायची वेळ झाली!" मग खांद्यावर शिडी घेऊन एकेक खांब पेटवत जाणाऱ्या माणसाच्या मागे आपण दोघं पोरासोरांसारखे चालत राहतो. चार ओळी झाल्या, पाचवी राहिली.

नळ कोपऱ्यावरच होता. आपण उतरलो होतो त्या बिऱ्हाडापासून हाकेच्या अंतरावर. तुम्ही पुढच्या खांबावर चढलेल्या माणसाकडे बघत होतात. मी तोटी फिरवली, ओंजळ धरली आणि पोटभर प्यायले. तोंड पुसून मागे वळते तो आपल्याच आळीतले शास्त्रीबुवा उभे. तेही त्याच बिऱ्हाडी उतरलेले, हे माझं नशीब. "मास्तर," ते केवढ्याने तरी ओरडले, "पोर नळाचं पाणी प्यायली हो तुमची!"

तिसऱ्या दिवशी रामाच्या देवळात सभा भरली. तुम्हाला वाळीत टाकायची भाषा झाली. ठाण्याहून सासऱ्यांचा निरोप आला, शुद्ध झाल्याशिवाय मुलगी पाठवू नका. मी देवळाच्या मागच्या भिंतीला चिकटून ऐकत होते. तुम्ही उभे राहिलात आणि जानव्याला हात लावून म्हणालात, "तांब्या रिकामा होता. मी स्वतः उलटा करून पाहिला, थेंब पडला नाही. पोर दिवसभर उन्हातान्हात चाललेली, तहानेने कासावीस झाली. प्राणावर बेतलं तर आपद्धर्म आहे की नाही शास्त्रात?" तुम्ही खोटं बोलत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पंचगव्यावर भागलं. मी नाक दाबून ते गिळलं आणि माझं सासर मला परत मिळालं.

घरी आल्यावर तुम्ही माझी पाटी उचललीत आणि माळ्यावर टाकलीत. "एक संध्याकाळ दिली तुला, तर तू घर बुडवायला निघालीस. तुला अक्षरं शिकवली, हीच माझी चूक." एवढंच बोललात. पाठवणीच्या दिवशीसुद्धा तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. आईने दहीसाखर हातावर घातली, तुम्ही अंगणात गड्याशी गाडीच्या चाकाबद्दल बोलत राहिलात. दोन दिवाळ्यांना मी माहेरी आले, तेव्हाही "बरी आहेस ना" याच्या पुढे गेला नाहीत. तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलातच.

तर माझं भांडण हे आहे. चूक नव्हती, तात्या. तुमची नव्हती आणि माझी तर मुळीच नव्हती. सभेत माझी ढाल झालात आणि घरी माझीच पाटी काढून घेतलीत, हा कुठला न्याय? माझा धर्म बुडाला म्हणता, तर मला चार मुलं झाली, हिचे वडील शहाणे निघाले, आळीतल्या निम्म्या बायका माहेरची पत्रं माझ्याकडून वाचून घेतात. पाटी माळ्यावर गेली तरी अक्षरं गेली नाहीत. चुलीपुढे राख पसरून मी ती गिरवत होते. आणि पोखरणच्या तळ्याचं पाणी नळाने ठाण्यात आलं तेव्हा काय झालं ते ऐका. तेच शास्त्रीबुवा कोर्टाच्या कामासाठी आले आणि आमच्याकडे उतरले. वाळ्याचं पाणी दिलं. त्यांनी फुलपात्रावर फुलपात्र रिचवलं आणि म्हणाले, "गोड आहे हो पाणी. कुठल्या विहिरीचं?" मी म्हटलं, "नळाचं." त्यांनी उपरण्याने ओठ पुसले आणि म्हणाले, "हल्ली चालतं." हल्ली चालतं! तुमच्या मानेवर सुरी ठेवणाऱ्यांना हल्ली चालतं, आणि तुम्ही मात्र माझ्याशी अबोला धरून गेलात. त्या रात्री मी रागाने जेवले नाही.

मुलीची पाटी भरली आहे. अकरा ओळी आहेत, आणि त्यात नाटक आहे. मी एकही पुसलेली नाही.

हा कागद कुठे पाठवणार? तुमच्यामागे आईने फिरकीचा तांब्या मला दिला, तो फडताळात आहे. त्यातच घडी करून ठेवते आणि झाकण पिळून टाकते. उद्या तो बरोबर न्यायचा नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिली. त्या संध्याकाळी तांब्या रिकामा नव्हता. अर्ध्याहून जास्त भरलेला होता, कडेवर जड लागत होता. तुमची पाठ वळली तेव्हा मी झाकण काढलं, आपल्या विहिरीचं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत गटारात ओतलं आणि मग तोटी फिरवली. जानव्याला हात लावून तुम्ही जे सांगितलंत ते तुमच्या बाजूने खरंच होतं. मला तहान मात्र लागली नव्हती.